लिनक्सवर वायफाय जोडलेले दिसते, पण इंटरनेट थांबते

प्रश्न (सदाशिव पेठ, पुणे)
घरच्या डेस्कटॉपवर उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती आहे. काही वेळ संगणक वापरला नाही, की वायफाय जोडलेले दिसत असूनही एकही पान उघडत नाही. जोडणी बंद करून पुन्हा सुरू केली की सारे सुरळीत होते. त्याच टेबलावरच्या फोनला ही अडचण येत नाही. इंटरनेट देणाऱ्यांनी राउटर बदलण्यास सुचवले आहे. तो खर्च करण्यापूर्वी काय तपासावे?

प्रतिसाद (कोथरूड)
फोन व्यवस्थित चालत असताना राउटर बदलण्याची घाई कृपया करू नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून मला पहिला संशय संगणकातल्या वायफाय कार्डाच्या वीजबचतीचा येतो. काम नसताना कार्ड झोपी जाते आणि त्याच्यासाठी आलेली माहिती राउटर राखून ठेवतो; ड्रायव्हरने, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, त्याला वेळेवर जागे केले नाही, तर जोडणी नावापुरती उरते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘आयडब्ल्यू डेव्ह’ या आज्ञेने कार्डाचे नाव मिळेल. तीच आज्ञा त्या नावासह आणि पुढे ‘सेट पॉवर_सेव्ह ऑफ’ जोडून ‘सुडो’ने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवा. हा बदल संगणक पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकतो, त्यामुळे चाचणीसाठी तो निर्धोक आहे.

प्रतिसाद (सहकारनगर)
निदान पटते, तरी जोडणी थांबताच ‘जर्नलसीटीएल -के’ने कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, नोंद वाचावी, असे मी आग्रहाने सुचवेन. त्यात ‘डीऑथेंटिकेटेड’ दिसले, तर जोडणी मुद्दाम तोडली गेली आहे. फर्मवेअरची, म्हणजे कार्डातल्या अंतर्गत सॉफ्टवेअरची, तक्रार दिसली, तर शोध ड्रायव्हरकडे वळवावा. पेठेतल्या दाटीत शेजाऱ्यांचे राउटरही त्रास देतात. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर १, ६ आणि ११ हे चॅनेल, म्हणजे त्यातले उपपट्टे, एकमेकांवर येत नाहीत, म्हणून त्यांपैकी सर्वांत मोकळा निवडावा. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी असते, पण जुन्या बांधकामाच्या जाड भिंतींपलीकडे तो सिग्नल लवकर क्षीण होतो.

प्रश्नकर्ते
दोघांचेही मनापासून आभार. नोंदीत जोडणी तोडल्याचा उल्लेख नव्हता. वीजबचत बंद केल्यापासून संगणक बराच वेळ रिकामा राहूनही पाने लगेच उघडत आहेत. हा बदल कायमचा कसा करावा?

प्रतिसाद (कोथरूड)
‘ईटीसी’ फोल्डरमधील नेटवर्कमॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या ‘कॉन्फ.डी’ फोल्डरमध्ये वायफाय वीजबचतीची फाइल आहे. तिच्यात ‘वायफाय.पॉवरसेव्ह’ची किंमत ३, म्हणजे चालू, असेल. ती २ करा आणि नेटवर्कमॅनेजर पुन्हा सुरू करा. राउटर आहे तोच राहू द्या.