मडगार्ड नसलेली १९३२ ची फोर्ड

फोटोतल्या १९३२ च्या फोर्ड रोडस्टरचे (कायमचं छप्पर नसलेली छोटी गाडी) मडगार्ड काढल्यामुळे ती अर्धवट वाटते, असा आक्षेप एकाने घेतला आहे; तो मला पटत नाही. कॅलिफोर्नियातली पोरं मुरॉक आणि एल मिराज इथल्या कोरड्या, सपाट तळ्यांवर वेगासाठी गाड्या पळवायची, तेव्हा वजन कमी करायला मडगार्ड आधी उतरवायची. पण १९३२ चंच मॉडेल उघडं इतकं देखणं का दिसतं, त्याचं कारण चेसिसमध्ये आहे. फोर्डच्याच आधीच्या मॉडेल ए गाडीची चेसिस साधी, पत्र्याच्या पट्टीआड लपलेली. १९३२ मध्ये फोर्डने ती पट्टीच काढून टाकली आणि चेसिसच्या बाजूवर एक उठावदार रेघ दाबून घेतली. म्हणजे चेसिस हाच बॉडीचा दिसणारा भाग झाला. म्हणून तर मॉडेल ए ची बॉडी १९३२ च्या चेसिसवर बसवण्याची पद्धत पडली. फोटोत ती रेघ दारापासून पुढच्या जाळीपर्यंत अखंड दिसते, ग्राइंडरने कुठेही मारलेली नाही. बनवणाऱ्याला मनापासून दाद.

खटकलं ते पुढच्या चाकांत. गाडी खाली बसावी म्हणून वाकवलेला पुढचा अ‍ॅक्सल, फ्लॅटहेड व्ही-८ (फोर्डचं सपाट हेडचं आठ सिलिंडरचं जुनं इंजिन), सगळं १९४० च्या दशकातल्या धाटणीचं, आणि त्यात चकचकीत आधुनिक डिस्क ब्रेक! १९३२ चे मूळ ब्रेक दांड्यांवर चालणारे, ते बदलायलाच हवेत, हे मान्य. पण फोर्डने १९३९ पासून हायड्रॉलिक ब्रेक दिले आणि त्या काळची पोरं तेच ड्रम ब्रेक काढून जुन्या रोडस्टरला लावायची. इथेही तेच शोभले असते. आजकालचे रेडियल टायरही बदला, तिथे जुन्या धाटणीचे, तिरप्या धाग्यांच्या थरांचे बायस-प्लाय टायरच हवेत.