मॅक ॲड्रेस : ‘पत्ता’ म्हणावं की ‘क्रमांक’?

प्रश्न : नेटवर्किंगवरच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. ‘मॅक ॲड्रेस’ला, म्हणजे यंत्राच्या नेटवर्क कार्डाला दिलेल्या आकड्याला, काय लिहावं? काही ठिकाणी ‘भौतिक पत्ता’ वाचलं. पण पत्ता म्हटलं की जागा आली. लॅपटॉप दुसऱ्या खोलीत न्या की दुसऱ्या देशात, हा आकडा तोच राहतो. मग तो पत्ता कसा?

प्रतिसाद : ‘भौतिक’ अजिबात नको. विंडोजमध्ये याला फिजिकल ॲड्रेस म्हणतात, त्याचं ते शब्दशः रूप. पण मेमरीतही फिजिकल ॲड्रेस असतो आणि त्याचा याच्याशी काही संबंध नाही. दोन्ही एकाच पुस्तकात आले की वाचक अडकला. नुसतं ‘मॅक’ही लिहू नका, त्या नावाचे संगणक आहेत. मीडिया ॲक्सेस कंट्रोलची ती आद्याक्षरं, हे एकदा सांगून टाका. मी ‘हार्डवेअर क्रमांक’ सुचवेन, गाडीच्या चेसिस नंबरासारखा.

प्रतिसाद : चेसिस नंबर अर्धाच पटला. चेसिस नंबर लिहून कुणी पत्र पाठवत नाही. मॅक ॲड्रेस लिहून मात्र माहिती रोज पाठवली जाते. तुमच्या संगणकाला प्रिंटरचा आयपी ॲड्रेस (नेटवर्कवर यंत्राला मिळालेला आकडा) माहीत आहे, समजा १९२.१६८.१.२०. तेवढ्यावर फ्रेम, म्हणजे ‘प्रति’ आणि ‘प्रेषक’ लिहिलेलं माहितीचं पाकीट, पाठवता येत नाही. म्हणून तो आधी त्या नेटवर्कवरच्या सगळ्यांना विचारतो, ‘१९२.१६८.१.२० कोणाकडे आहे?’ ज्याचा तो आयपी, तोच उत्तर देतो, ‘माझ्याकडे, आणि माझा मॅक ॲड्रेस हा.’ या विचारपूशीला एआरपी म्हणतात, १९८२पासून ती चालत आली आहे. मग तो मॅक ॲड्रेस फ्रेमवर ‘प्रति’ म्हणून लागतो. स्विच (यंत्रांच्या केबली जिथे जोडतात ती पेटी) प्रत्येक फ्रेमवरचा ‘प्रेषक’ वाचून कोणतं यंत्र कोणत्या पोर्टवर, म्हणजे केबलच्या खाचेवर, आहे हे लक्षात ठेवतो आणि ‘प्रति’ पाहून फ्रेम नेमक्या पोर्टला देतो. हे काम पत्त्याचंच. फक्त त्याची हद्द राउटरपर्यंत. पुढच्या नेटवर्कला जाताना राउटर जुनी फ्रेम काढून नवी घालतो, त्यावर प्रेषक म्हणून स्वतःचा मॅक ॲड्रेस टाकतो. दूरच्या सर्व्हरला तुमचा मॅक ॲड्रेस त्या फ्रेममधून कळत नाही. म्हणून मी ‘हार्डवेअर पत्ता’च लिहीन.

प्रतिसाद : माझ्या मते तो नाव जास्त आहे, पत्ता कमी. रचना बघा. ४८ बिट, म्हणजे १२ अंक (० ते ९, पुढे ए ते एफ हेही अंकच), दोन-दोनच्या सहा जोड्या : ००:००:५ई:००:५३:२ए. पहिल्या तीन जोड्या आयईईई ही संस्था उत्पादकाला देते, उरलेल्या तीन उत्पादक स्वतः भरतो. पहिल्या तीन म्हणजे जणू आडनाव, उरलेल्या तीन म्हणजे नाव. एका आडनावाखाली १,६७,७७,२१६ नावं बसतात. मोठ्या उत्पादकांकडे अशी अनेक आडनावं असतात.

एक कळकळीची विनंती : याला ‘अद्वितीय’ लिहू नका. अद्वितीय म्हणजे ज्याला तोड नाही असा. इथे म्हणायचंय ते एवढंच की हा आकडा दुसऱ्या यंत्राला दिलेला नाही. ‘कायमचा’ही नको. ॲंड्रॉइड १० आणि आयओएस १४पासून फोन वाय-फायला आपला खरा आकडा न सांगता बनवलेला सांगतात, म्हणजे टोपणनावच. दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल, तर तो उत्पादकाने दिलेला नाही, यंत्रावरच ठरवलेला आहे असं समजा. (समूहासाठीचे पत्ते वगळून बोलतोय.)

प्रतिसाद : पुस्तिकेत तो फोनवर सांगण्याबद्दलही लिहा. मला एकाने प्रिंटरचा मॅक ॲड्रेस फोनवर सांगितला, मी ‘डी’च्या जागी ‘बी’ ऐकलं. राउटरच्या परवानगीच्या यादीत तोच घातला आणि प्रिंटर काही केल्या जोडला जाईना. दोन तास केबल, पासवर्ड, सगळं तपासलं. शेवटी प्रिंटरचं स्टिकर समोर धरून एकेक अंक ताडून पाहिला तेव्हा सापडलं. बी, डी, ई हे तिन्ही उच्चार फोनवर एकच वाटतात. आता मी ‘बदकाचा बी, डबीचा डी’ असं सांगतो.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. शब्दसूचीत असं लिहितेय : ‘हार्डवेअर पत्ता (मॅक ॲड्रेस) : नेटवर्क कार्डाला उत्पादकाने दिलेला ४८ बिटांचा आकडा, त्याच नेटवर्कमध्ये फ्रेम पोचवण्यासाठी वापरतात. यंत्र त्याऐवजी बनवलेला आकडाही वापरू शकतं.’ मजकुरात ‘मॅक ॲड्रेस’च ठेवते. आणि ‘फ्रेम’ला ‘चौकट’ करू का?

प्रतिसाद : नको. चौकट दाराला असते. फ्रेमच राहू द्या.