वेल्सच्या समुद्रकाठच्या नॅशनल पार्कात वॉकिंग हॉलिडे: गाइड घ्यावा का आपलं आपणच चालावं?

अंबाझरी_वॉकर:

नमस्कार मंडळी. पोरगी कार्डिफला मास्टर्स करून राहिली आहे आणि मे संपता संपता आम्ही दोघं तिच्याकडे चाललो, म्हणजे यंदाचा नवतपा नागपुरात काढायचा नाही हे माझं पक्कं आहे. लंडन-बिंडन तर सगळेच करतात, ते दोन दिवसांत उरकू, पण तिनं एका वॉकिंग हॉलिडेची लिंक पाठवली आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घुमून राहिलं. पेम्ब्रोकशायर कोस्ट नॅशनल पार्क, वेल्सच्या पार पश्चिम टोकाला. आठवडाभर ग्रुपसोबत रोज दहा-पंधरा किलोमीटर समुद्राच्या काठानं चालायचं, बरोबर गाइड, संध्याकाळी गेस्ट हाउसमध्ये मुक्काम.

आमच्या यांचं म्हणणं, एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला जमीन, एवढं तर पाचवीतल्या पोराला पण समजते, मग गाइडला पैसे कशाला द्यायचे? आणि रक्कम पाहून मला पण वाटून राहिलं की बरोबर बोलतात का काय. तिकडे कोणी गेलंय का? नॅशनल पार्क आहे म्हणजे परमिट वगैरे आधी काढावं लागते का? आम्ही दोघं पन्नाशीच्या पुढचे, रोज सकाळी अंबाझरीला फेऱ्या मारतो, पण ते सपाट. यांचा उजवा गुडघा थोडा कुरकुर करतो. आणि मी प्युअर व्हेज आहे, अंडं पण नाही.

खामल्याचे_काका:

ताई, पहिले ताडोबा-पेंच डोक्यातून काढून टाका. तिथं गेट नाही, परमिट नाही, जिप्सी नाही, मंगळवारची सुट्टी नाही. तिकडच्या नॅशनल पार्कात गावं आहेत, शेतं आहेत, गाई-मेंढ्या चरून राहिल्या असतात, बरीचशी जमीन लोकांच्या खाजगी मालकीची, फक्त काही बांधायचं म्हटलं की नियम कडक. १९५२ मध्ये झालं हे पार्क, आणि मुख्यतः किनारा राखायचा म्हणून केलेलं ब्रिटनमधलं हे एकच. किनाऱ्याची पायवाट १९७० ची, उत्तरेला सेंट डॉगमेल्सपासून दक्षिणेला अ‍ॅमरॉथपर्यंत १८६ मैल, म्हणजे तीनशे किलोमीटरला जरासं कमी. आठवड्याच्या ट्रिपमध्ये ही सगळी कोणी करत नाही, चांगले चांगले तुकडे निवडून दाखवतात.

आता साहेबांच्या मुद्द्यावर येतो. हरवणार नाही हे खरंच आहे. पण चौपाटीवरचा फेरफटका समजून जाऊ नका. वाट कड्याच्या माथ्यावरून जाते, मध्ये एखादा ओढा समुद्राला मिळायला आला की ती पार खाली उतरते, छोटा पूल ओलांडते आणि लगेच समोरच्या अंगानं वर चढते, आणि हे दिवसभर चालू राहते. सगळ्या वाटेच्या चढ-उताराची बेरीज ३५,००० फूट सांगतात, तिकडचे लोक एव्हरेस्टचं नाव घेऊन मिरवतात. सगळ्यात उंच जागा उत्तरेला केमाइस हेडजवळ, १७५ मीटर फक्त. ऐकायला काहीच नाही, पण तोच चढ-उतार दुपारी परत परत आला की मांड्या बोलायला लागतात.

आम्ही ग्रुपसोबत गेलो होतो आणि मला गाइड पटला, कारण वेगळं आहे. वारा. तो नैऋत्येकडून येते आणि उघड्या कड्यावर माणसाला अक्षरशः ढकलते. आमचा गाइड सकाळी हवा पाहून ठरवायचा की आज टोकावर जायचं का आडोशाच्या बाजूनं चालायचं, प्रोग्राममध्ये छापलेलं सरळ बदलून टाकायचा. दुसरं म्हणजे मिनीबस. एखाद्याचे पाय दुखले तर तो दुपारी गाडीत बसून पुढच्या गावात चहा पीत बसायचा, कोणी वाईट मानायचं नाही.

आणि गोष्टी! फिशगार्डजवळ एका कड्यावर उभं करून त्यानं सांगितलं की १७९७ मध्ये फ्रेंच फौज इथं उतरली होती, ब्रिटनच्या भूमीवरची ती शेवटची स्वारी, दोन दिवसांत शरण आली. तिथली जेमायमा निकोलस नावाची बाई, गवत उचलायचा लोखंडी काटा घेऊन निघाली आणि बारा शिपाई धरून आणले म्हणे. तेव्हा आपल्याकडे दुसरे रघुजी भोसले गादीवर होते हे मी ग्रुपला सांगितलं, कोणाला काही घेणंदेणं नव्हतं ते सोडा. एकटे गेलो असतो तर त्या जागेवर फोटो काढून पुढे निघालो असतो.

बर्डीवाला_बंटी:

काका तुमचा पूर्ण आदर ठेवून बोलतो, पण आठवडाभर गाइडचे पैसे म्हणजे हवा पाहायचे पैसे झाले, ती तर मोबाइलवर फुकटात दिसते 😄

मी आणि बायको आपलं आपणच गेलो होतो, वाट चुकायला जागाच नाही, प्रत्येक फाट्यावर खांब, त्यावर ओकच्या बोंडाची खूण, ती तिकडच्या सगळ्या नॅशनल ट्रेलची, म्हणजे लांब पल्ल्याच्या सरकारमान्य पायवाटांची खूण आहे. वाटेत कुंपणाला फाटकं आहेत, उघडा, जा, लावून घ्या, बस. सामान एका गेस्ट हाउसहून दुसऱ्या गेस्ट हाउसला पोचवणाऱ्या गाड्या वेगळ्या मिळतात, ग्रुप घ्यायची गरज नाही. नकाशा पाहिजे असेल तर ऑर्डनन्स सर्व्हे या तिकडच्या सरकारी नकाशा संस्थेचे दोन येतात, ओएल ३५ उत्तरेचा आणि ओएल ३६ दक्षिणेचा, कागदीच घ्या कारण कड्याखाली उतरलं की फोनची रेंज गायब.

खरी मजा बसची. किनाऱ्याच्या गावांना जोडणाऱ्या छोट्या बस आहेत, नावं पण भारी, पफिन शटल, स्ट्रंबल शटल. खेड्यातल्या रस्त्यावर गाडी थांबायला सेफ जागा असेल तिथं उभं राहून हात केला की थांबते, आपल्या एसटीची 'हात दाखवा गाडी थांबवा' तीच ही. सकाळी बसनं पुढे जायचं आणि मुक्कामाच्या दिशेनं चालत यायचं, म्हणजे शेवटची बस सुटायचं टेन्शन नाही. फेऱ्या कमी आहेत पण, टाइमटेबल आधी पाहून घ्या, हिवाळ्यात तर अजून कमी होतात.

अंबाझरी_वॉकर:

बंटी भाऊ, तुमचा रिप्लाय यांना वाचून दाखवला, लगेच चेहरा खुलला 😀 पण तुम्ही दोघं तरुण दिसता. गुडघ्याचं काय? आणि जेवणाचं कोणीच बोललं नाही.

स्वॉन्झीतला_वऱ्हाडी:

मी इथंच राहतो, पेम्ब्रोकशायरला वर्षातून बऱ्याचदा जाणं होते म्हणून थोडं सविस्तर लिहितो, लांब झालं तर माफी.

गाइड पाहिजे का नाही हे तुम्ही कोणता तुकडा चालता त्यावर आहे असं माझं मत. पॉपिट ते न्यूपोर्ट हा उत्तरेचा दिवस सगळ्यात कठीण, वीस किलोमीटरच्या वर, मध्ये दुकान नाही, हॉटेल नाही, चढ-उतार सारखे. देखणा खूप आहे पण कुरकुरणाऱ्या गुडघ्याला मी तिथं पाठवणार नाही, ना गाइडसोबत ना बिनागाइडचं. डेलच्या बाजूला गॅन आणि सँडी हेवन अशा दोन खाड्या आहेत, तिथली वाट फक्त ओहोटीला उघडी पडते, वेळ चुकली तर काही मैलांचा वळसा. भरती-ओहोटीचं टाइमटेबल नागपूरच्या माणसाच्या रक्तात नसते राजेहो, आपल्याला फुटाळ्याचं पाणी माहीत, ते जागेवर राहते. दक्षिणेला कासलमार्टिनला लष्कराची फायरिंग रेंज आहे, गोळीबार चालू असला की वाट बंद, आत वळावं लागते, तारखा आधी जाहीर होतात त्या पाहायच्या. आणि मिलफर्ड हेवनच्या आसपास रिफायनरी, गॅसच्या टाक्या, जेट्ट्या, तो भाग बरेच लोक बसनं पार करतात. १९९६ मध्ये सी एम्प्रेस नावाचं जहाज तिथंच खडकाला लागलं आणि ७२,००० टन कच्चं तेल समुद्रात गेलं होतं. आज किनारा पाहून कोणाला खरं वाटणार नाही.

तुमच्यासाठी मी काय करेन सांगू? रोज मुक्काम बदलायचाच नाही. सेंट डेव्हिड्सला एकच खोली घ्या. नावाला सिटी आहे, ब्रिटनमधली सगळ्यात छोटी, लोकसंख्या दोन हजाराच्या आत, आपल्या एखाद्या लेआउटमध्ये जास्त लोक निघतील. कॅथेड्रल बाराव्या शतकातलं आणि ते खोलगट जागेत आहे, गावातून चालताना दिसतच नाही आणि एकदम पायाखाली उघडते. समुद्रातून येणाऱ्या लुटारूंना दिसू नये म्हणून तिथं बांधलं असं सांगतात. आणि जुन्या काळी पोपनं जाहीर केलं होतं की सेंट डेव्हिड्सच्या दोन वाऱ्या म्हणजे रोमची एक, त्यामुळे लोक इथं शेकडो वर्षं चालत येऊन राहिले, तुम्ही काही पहिले नाही.

तिथून छोटे छोटे दिवस करता येतात. सॉल्वा गावाहून चालत परत या, सगळी वाट कड्यावरून आहे पण बेताची. शेवटी कायरवायचा जांभळट दगडाचा कडा लागते, कॅथेड्रलचा दगड त्याच जातीचा. व्हाइटसँड्स बीचवरून सेंट डेव्हिड्स हेडच्या टोकापर्यंत जाऊन या. पोर्थगाइन ते अबेराइदी तर जेमतेम तीन किलोमीटर, अबेराइदीला पाटीच्या दगडाची जुनी खाण आहे, समुद्राचं पाणी आत घेतलंय, निळंहिरवं दिसते, ब्लू लगून म्हणतात त्याला. या वाटांवर चोच आणि पाय लालभडक असलेला एक काळा कावळा दिसेल, चफ, तो मुद्दाम पाहा, बाकी ब्रिटनमध्ये सहज सापडत नाही.

जून आहे म्हणजे एक दिवस स्कोमर बेटाला द्याच. पफिन नावाचे समुद्री पक्षी एप्रिल ते जुलै एवढेच दिवस जमिनीवर असतात, मग जे समुद्रात जातात ते पुढच्या वर्षीच. मार्टिन्स हेवनहून बोट, रोज ठरावीक लोकांनाच उतरू देतात म्हणून बुकिंग आजच पाहा, पोचल्यावर पाहू असं तिथं चालत नाही. बोटीतून उतरल्या उतरल्या खड्या पायऱ्या आहेत, साहेबांना आधीच सांगून ठेवा. सील मात्र पिल्लं देतात ते शरदात, ते जूनमध्ये नाही दिसणार, मोठे सील खडकावर लोळताना दिसतील.

आणि गाइडचा मधला रस्ता आहे. पार्कच्या ऑथॉरिटीचे स्वतःचे गाइडेड वॉक असतात, काही तासांचे, कधी पक्ष्यांवर, कधी दगडांवर, कधी खडकातल्या पाण्यातल्या जीवांवर. सेंट डेव्हिड्सला ओरिएल ई पार्क म्हणून त्यांचं सेंटर आहे, तिथं चौकशी करा. एक-दोन दिवस त्यांच्यासोबत, बाकी दिवस बंटी भाऊच्या बसनं. काकांच्या गोष्टी पण मिळतील आणि आठवड्याचं पॅकेज पण वाचेल.

जेवणाचं: उपाशी राहणार नाही पण विचारून खा. बी अँड बीवाल्याला (मुक्काम आणि सकाळचा नाश्ता देणारं घरगुती गेस्ट हाउस) बुकिंगच्या वेळेसच लिहा की अंडं पण नाही, नाही तर सकाळी प्लेटमध्ये तेच येईल. कॉल नावाचं सूप सगळीकडे दिसेल, ते मटणाचं. ग्लॅमॉर्गन सॉसेज नावावरून घाबरवते पण ते चीज आणि लीकचं (कांद्याच्या पातीसारखी भाजी) असते, फक्त बांधायला बऱ्याचदा अंडं घालतात. वेल्श केकमध्ये पण अंडं, क्वचित चरबी पण. जॅकेट पोटॅटो (सालासकट भाजलेला बटाटा), बीन्स, चीज-टोस्ट, चिप्स हे बहुतेक ठिकाणी मिळते, आणि तिथले नवे बटाटे जूनमध्ये फार गोड लागतात. पबचं किचन लवकर बंद होते, उजेड साडेनऊपर्यंत असल्यामुळे आपल्याला वाटते अजून संध्याकाळ आहे. पोरीच्या घरून दशम्या आणि ठेचा बांधून न्या, बाकी मग सगळं जमते.

खामल्याचे_काका:

वऱ्हाडी भाऊंनी मस्त सांगितलं. तरी मी माझं म्हणणं सोडत नाही, पहिल्यांदा जाणाऱ्यानं निदान वाऱ्याचा अंदाज सांगणारा माणूस सोबत ठेवावा. कड्याच्या अगदी कोपऱ्यावर फोटो काढू नका, वरचं गवत दिसते भरीव पण खालची माती पोखरलेली असते.

टेकडीवाली_ताई:

गुडघ्यासाठी लिहिते, माझा पण तसाच आहे. अंबाझरीच्या फेऱ्या दुप्पट केल्या तरी काही होणार नाही, कारण गुडघा दुखतो तो उतरताना. रामटेकला जा, गडमंदिराच्या पायऱ्या चढा आणि मुख्य म्हणजे सावकाश उतरा, दर रविवारी, पहाटे, ऊन चढायच्या आत. बाकी दिवस बिल्डिंगचा जिना, लिफ्ट विसरा. श्रावणात नागद्वारला गेला असाल तर तुम्हाला कळेल मी कोणत्या उतरणीबद्दल बोलून राहिले. दोन काठ्या घ्या, चालायच्या, उंची कमी-जास्त होणाऱ्या, आणि इथूनच त्यांची सवय करा, तिथं जाऊन पहिल्यांदा हातात घेतल्या तर पायातच येतात. बूट पण इथंच घालून पायाला सवय करा. फिजिओला एकदा दाखवून घ्या ते वेगळंच.

आणि नागपूरचा माणूस थंडी म्हटली की दोन स्वेटर भरतो. तिथं जूनमध्ये पंधरा-सतरा डिग्री असते, स्वेटरातून वारा आरपार जाते. वरून वारा आणि पाऊस अडवणारं एक चांगलं जॅकेट, आत पातळ कपडे एकावर एक. पँट लांब घाला, वाटेच्या कडेला नेच्याची झुडपं असतात त्यात गोचीड असते, त्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो, रात्री पाय तपासा.

अंबाझरी_वॉकर:

सगळ्यांना मनापासून थँक्यू. घरात मिटिंग झाली 😀 सेंट डेव्हिड्सला एकच मुक्काम, पार्कवाल्यांचे दोन वॉक, एक दिवस स्कोमर, बाकी बस. पॉपिट-न्यूपोर्ट कॅन्सल. पोरीला आत्ताच बोटीचं पाहायला सांगितलं. यांनी रामटेकला होकार दिला पण येत्या रविवारी नाही, पुढच्या, असं म्हणून राहिले. एक राहिलं, कार्डिफहून तिथं ट्रेननं जाता येते का गाडी भाड्यानं घ्यावी?

स्वॉन्झीतला_वऱ्हाडी:

ट्रेन सेंट डेव्हिड्सपर्यंत नाही. कार्डिफहून हॅवरफर्डवेस्टपर्यंत ट्रेन, पुढे बस. गाडी घेऊ नका, उंच कुंपणांमधले एका गाडीचे रस्ते आहेत, समोरून ट्रॅक्टर आला की रिव्हर्स तुम्हालाच घ्यावा लागते.

बर्डीवाला_बंटी:

आणि साहेबांना सांगा, येता रविवार म्हणजे हाच 😄