शब्दचर्चा : नाद, व्यसन, गर्दुल्ला, बेघर

प्रश्न : निवारा केंद्राच्या अहवालात 'व्यसनामुळे बेघर झालेले' हा रकाना आहे. नाद, लत, व्यसन यांतलं काय लिहावं? आणि 'मुळे' बरोबर आहे का?

प्रतिसाद १ : नाद पत्त्यांचा, तमाशाचा, बैलगाडा शर्यतीचा. त्यात हौस आहे, म्हणून 'नाद सोड' म्हणता येतं. तलफ तेवढ्यापुरती, चहाचीसुद्धा येते. लत हिंदीतून आली, मला ती नकोशी वाटते. व्यसनाचा जुना अर्थ संकट असाही आहे. कौटिल्याच्या आठव्या अधिकरणात राजाचं द्यूत आणि मद्यपान 'व्यसनां'त येतं, तसेच आग, पूर, दुष्काळही येतात. दोष माणसाचा की ओढवलेली आपत्ती, हे एकट्या शब्दावरून ठरत नाही.

प्रतिसाद २ : 'आहारी गेला' नेमकं आहे. पहिला घोट मर्जीचा, पण सकाळी उठल्याउठल्या लागणारी क्वार्टर मर्जीची नसते. शेवटच्या घोटानंतर ६ ते १२ तासांत हात कापू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम. रोज भरपूर पिणाऱ्याला 'मनावर घे, आजपासून बंद' असं सांगणं म्हणूनच धोक्याचं. डॉक्टर हवा, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) हवं. गर्दची, म्हणजे ब्राऊन शुगरची, टर्की (नशा तुटल्यावरचा त्रास) वेगळी : नाका-डोळ्यांतून पाणी, जुलाब, पोटऱ्यांत गोळे. हाल होतात, पण सहसा जिवावर बेतत नाही. जिवावर बेततं ते नंतर. शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस पूर्वीइतकीच पुडी ओढतो.

प्रतिसाद ३ : 'गर्दुल्ला' रकान्यात नकोच. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, भेसळीचं हेरॉईन. आता पुलाखाली मळक्या कपड्यांत झोपलेला हमालही गर्दुल्ला ठरतो आणि पंक्चरचं सोल्यूशन हुंगणारं पोरही. पदार्थाचं नाव लिहा, उपचार त्यावर ठरतात.

'मुळे'ला माझा विरोध आहे. भूक मारायला, थंडीत झोप लागायला, ओझी वाहून ठणकणारं अंग विसरायला फुटपाथवर आल्यानंतर नशा धरणारे पुष्कळ. दारूपायी घर गेलेलेही आहेत, नाही असं नाही. शिवाय १९८५च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केलं की फुटपाथवर राहणारे तिथे राहतात ते काम जवळ मिळतं म्हणून. याला 'स्वखुशीने' म्हणायचं का?

प्रश्नकर्ता : मग 'बेघर' कोणाला म्हणायचं? झोपडीवाल्याला?

प्रतिसाद ३ : नाही. २०११च्या जनगणनेत रस्त्याकडेला, पुलाखाली, जिन्याखाली, पाइपात, फलाटावर राहणारे बेघर धरले; देशभरात सुमारे १७.७ लाख. 'भिकारी' तर जपूनच वापरा. १९५९च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत, उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि भिकेवर जगत असावा असं वाटतं, असा सार्वजनिक जागी वावरणारा माणूसही बसतो. हात पसरलेला असावा लागत नाही.

रकाने दोन करा : 'घराबाहेर कधीपासून' आणि 'कोणती नशा, कधीपासून'. पुढे 'कारण' हा रकाना ठेवलातच, तर तो त्या माणसाच्या शब्दांत भरा.