एकाच वावरात दोन घोड्या, रोज चावाचावी अन् लाथा. काय करावं?

हिंगणा_वावरवाला

नमस्कार मंडळी, जरा टेन्शनमध्ये आहे म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. नागपूरजवळ हिंगण्याच्या पुढे आमचं दीड एकर वावर आहे, चारी बाजूंनी काटेरी तार, त्यात दोन जनावरं मोकळी असतात. मैना, मारवाडी घोडी, १२ वर्षांची, आणि शेरू, खच्ची केलेला घोडा, ७ वर्षांचा. दोघं ५ वर्षं सोबत आहेत, कधी कुरबुर नाही. डिसेंबरात सारंगखेड्याच्या बाजारातून काठेवाडी घोडी आणली, बिजली, वय ४. तिला घराजवळच्या शेडात वेगळी बांधायचो, मार्चएंडला सरळ वावरात सोडली.

पहिले चार-पाच दिवस पळापळी, हुंगणं, खिंकाळणं, म्हटलं हे चालायचंच. पण आता तीन आठवडे होत आले आणि कमी व्हायचं सोडून वाढतंच चाललंय. मैना कान पार मानेला चिकटवते, मुंडकं जमिनीलगत खाली घेते आणि तशीच बिजलीच्या अंगावर धावून जाते, बिजलीच्या पुठ्ठ्यावर दोन ठिकाणी केसच राहिले नाहीत. काल दुपारी कोपऱ्यात गाठून दुलत्ती घातली, मागच्या पायाला आतून लागलं, दोन इंचाची चीर आणि लिंबाएवढी सूज. चालतेय नीट, खातेय पण. हळद लावलीय.

गडी म्हणतो मैनेला पिछाडी (मागच्या पायांना दोर) लावून सोडा म्हणजे लाथ मारता येणार नाही. वडील म्हणतात नवीन घोडी विकून टाक. मला विकायची नाहीये, फार गुणी जनावर आहे, पण रोज सकाळी वावराकडे जाताना पोटात गोळा येतो की आज काय बघायला मिळेल. कोणी असं निस्तरलंय का?

कामठीरोड_पागा

भाऊ, हात जोडून सांगतो, पिछाडी लावून जनावर मोकळं सोडू नका. पिछाडी ठाणावर बांधताना ठीक, मोकळ्यात पळालं की तोंडावर पडते अन् पाय मोडून बसते. आमच्याकडे वरातीच्या ६ घोड्या आहेत, वडलांच्या काळापासून धंदा आहे, तं थोडं सांगू शकतो.

पहिलं म्हणजे मागच्या पायाचे नाल असतील तं आजच काढा, तिघांचे पण. नाल असलेली लाथ अन् बिननालाची लाथ यात लई फरक पडते. दुसरं, चंदी (दाणा) कशी देता? एकाच घमेल्यात देत असाल तं भांडण तुम्हीच लावून देऊन राहिले. प्रत्येकाला वेगवेगळं बांधून चंदी द्या आन् सगळ्यांचं खाऊन झाल्याशिवाय सोडू नका. कडबा-कुटाराचे ढीग मात्र तीन जनावरांना चार करा, एक जास्तीचा, दोन ढिगांत १५-२० पावलं अंतर. मोठी घोडी एका ढिगावरून हाकलते तं लहानीला जायला दुसरा ढीग रिकामा पाह्यजे. ही माझी चूक होऊन गेलेली आहे, एका टोपल्यात हरभरा दिला होता दोघींना, चांगली घोडी त्या सीझनले लंगडी होऊन बसली, अजून वाईट वाटते.

मैना वाईट नाही भाऊ. ५ वर्षं ते वावर तिचं आहे.

पशुवैद्य_ताई

बाकी सगळं नंतर, आधी तो पाय. मागच्या पायाच्या मधल्या घडीच्या वर आतल्या बाजूला हाडावर मांस नसतं, नुसती कातडी असते, तिथे लाथ बसली की हाडाला केसासारखी बारीक चीर गेलेली असू शकते आणि तरी घोडी नीट चालते. मग दोन-चार दिवसांनी ती खाली बसून उठताना किंवा पळताना हाड पूर्ण मोडतं. म्हणून एक्सरे होईपर्यंत तिला वेगळं ठेवा, पळू देऊ नका, आणि आडवी होणार नाही इतकी आखूड बांधा. जवळच्या डॉक्टरांना आजच बोलवा नाहीतर सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजला दाखवा. धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलं असेल तर तेही आजच, घोड्यांना धनुर्वात फार पटकन होतो आणि झाला की वाचवणं कठीण जातं. हळद थांबवा, मिठाच्या पाण्यानं धुवा.

मैनेलाही तपासून घ्या बरं का, ती मारणारी आहे म्हणून तिचं कोणी बघत नाही. दाताला धार येऊन गाल कापला जात असेल, पोटात अल्सर असेल, पाय दुखत असेल तर शांत जनावरसुद्धा कोणाला जवळ येऊ देत नाही. आणि तारखा लिहून ठेवा. घोडीचा माज साधारण २१ दिवसांनी येतो, ५-७ दिवस राहतो, दिवस मोठे झाले की जास्त दिसतो. भांडण त्याच दिवसांत वाढतंय का ते कळेल. मधे खच्ची घोडा असला तरी घोड्या त्याच्यावरून एकमेकींना हाकलतात.

ती काटेरी तार जमेल तितक्या लवकर काढा. पळणारं घोडं तारेत अडकलं की पायाची जी दशा होते ती मी पाहिलीय, परत बघायची इच्छा नाही.

काटोलनाका

मला एक विचारायचंय. भांडण नेमकं कुठे आणि किती वाजता होतं? तुम्ही लिहिलंय काल दुपारी, कोपऱ्यात. त्या कोपऱ्यात काय आहे? झाड किती आहेत वावरात?

आमच्याकडे पण असंच झालेलं म्हणून विचारतोय. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, त्यात सावली एकाच झाडाची असली की जे जनावर मोठं ते सावलीत आणि बाकीचे उन्हात, आणि उन्हातलं जनावर सावलीत शिरायला गेलं की लाथ. आम्ही तीन महिने चाऱ्यावरून भांडतात समजून चारा बदलत बसलो.

पाय बरा झाल्यावर परत सोडाल तेव्हा सरळ सोडू नका. मधे झटका मशीनची (हात लागला की हलका शॉक देणारी) पांढरी पट्टी लावून दोन भाग करा, सोलरचं मशीन, रानडुकरांसाठी लावतात तेच, लाईनचा करंट चुकूनही जोडू नका, आपल्या भागात त्यानं माणसं मेलीत. एका बाजूला मैना, दुसऱ्या बाजूला शेरू आणि बिजली. आधी शेरूशी दोस्ती होऊ द्या. पट्टीवरून हुंगून मैनेनं कान मागे नेणं सोडलं की मग पट्टी काढा, दोन आठवडे लागो नाहीतर दोन महिने. आणि कोपऱ्यांत आडवे बांबू बांधून गोलाई द्या, बंद कोपऱ्यात सापडलेलं जनावर पळणार कुठे.

हिंगणा_वावरवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, उशिरा लिहितोय, १६ दिवस झाले. ताई, तुमचं वाचून त्याच दिवशी डॉक्टरांना बोलावलं, इंजेक्शन दिलं, एक्सरेत चीर नाही निघाली, पण निकाल येईपर्यंत रात्रभर शेडातच खाट टाकून बसलो होतो. मैनेच्या वरच्या दाढेला धार होती आणि गालाला आतून जखम, डॉक्टरांनी घासून दिली. इतके दिवस ती लगाम लावताना मुंडकं झटकायची ते आम्ही खोड समजत होतो.

काटोलनाका दादा, तुमचा प्रश्न वाचून मी बिजलीला शेरूसोबत पट्टीच्या पलीकडे सोडली आणि दोन दिवस वही घेऊन बांधावर बसलो. मैना पट्टीवर ११ वेळा धावून गेली, त्यातल्या ९ वेळा सकाळी ११ ते दुपारी ४ मधे. आमच्या वावरात एकच कडुनिंब आहे आणि पाण्याचं टाकं त्याच्याच बुडाशी, तोच तो कोपरा. तिथेच मी बिजलीला प्यायला नेत होतो. म्हणजे सावली पण तिथे, पाणी पण तिथे आणि बाहेर पडायला जागा नाही.

आता समोरच्या टोकाला बांबूवर ग्रीन नेट टाकलंय, २० बाय ३० फूट, तिथे २०० लिटरचा ड्रम कापून दुसरं पाणी ठेवलंय. नाल काढले, ढीग चार करतोय, तारेचं काम अर्धं झालंय. परवापासून सकाळी ६ ते ९ पट्टी काढून तिघांना एकत्र सोडतोय. मैना कान मागे नेते, बिजली बाजूला होते, तेवढ्यावर थांबतं. काल शेरू आणि बिजली एकमेकांची मान खाजवत होते आणि मैना दहा पावलांवर कडबा खात उभी होती, तिनं वर पाहिलं आणि परत खायला लागली. वडील बांधावरच होते, विकायचं काही बोलले नाहीत.

एक विचारायचं राहिलं, पावसाळ्यात ग्रीन नेटच्या जागी पत्रे टाकले तर आवाजानं बुजतील का?

कामठीरोड_पागा

सुरुवातीले बुजतील. पत्र्यावर तुराट्या आन् पऱ्हाटीचा जाड थर टाका, आवाज मरते, उन्हाळ्यात गार पण राह्यते.