भांडाराची पाटी बदलायची, की नुसती धुवायची?

खजिनदार_तालुका
आमचं सहकारी ग्राहक भांडार तालुक्याच्या गावी. सभासद बाराशेच्या आसपास, निम्मे तरी साठीपुढचे. दुकानावर वीस फुटी पत्र्याची पाटी आहे, हिरव्यावर पिवळी अक्षरं, डाव्या टोकाला चक्रात हस्तांदोलन. पेंटरला शेवटी जागा पुरली नाही, म्हणून 'मर्यादित' इतकं दाबून बसवलंय की गाव त्याला 'मर्या' म्हणतं.

समोर सुपरमार्केट आलं आणि संचालक मंडळात 'लूक बदला' सुरू झालं. एका संचालकांच्या पुतण्यानं फुकटात तीन नमुने करून दिले (जोडलेत). तिन्हींत हिरवं पान. एकात पान आणि ट्रॉली, वर भल्यामोठ्या इंग्रजीत 'फ्रेश'. अहो, आमच्याकडे कोथिंबीरसुद्धा मिळत नाही! आम्ही विकतो तूरडाळ, गूळ, तेल, शेंगदाणे, फिनेल. सप्टेंबरात वार्षिक सभेपुढे हे मांडायचंय. पैसे पाटीवर घालावेत की आणखी कशावर?

अक्षरवेडा
नमुने पाहिले. 'तेल'मधला ल आणि 'शेंगदाणे'तला श हिंदी वळणाचे आलेत. मराठी वळण कोणतं, ते राज्य सरकारच्या २००९च्या शासन निर्णयात दिलंय. पुतण्याला बोल लावू नका, बरेच फाँट तसेच उघडतात. काही चांगल्या फाँटांत मराठी रूपं आत दडलेली असतात, सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की बाहेर येतात.

दुसरं, ते 'फ्रेश' मराठी नावाच्या दुप्पट आहे. २०२२च्या कायदादुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. दंड भरायची हौस असेल तर ठेवा.

नायगावचा
आमच्या मुंबईतल्या नायगावात १९४८ साली गिरणी कामगारांच्या वस्तीत अपना बाजार उभा राहिला. कागदावरचं नाव 'मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी संस्था'. हे नाव घेऊन साखर आणायला गेलेला माणूस मी तरी पाहिला नाही. तुमच्याकडे लोक 'भांडार' म्हणतात ना? मग तेच मोठं लिहा आणि नोंदणीचं लांबलचक नाव खाली एका ओळीत, म्हणजे 'मर्या'चाही प्रश्न सुटला. नोंदणीच्या नावाला मात्र हात लावू नका. उपविधी दुरुस्ती, सर्वसाधारण सभा, निबंधक कार्यालय, यात दोन दिवाळ्या जातील.

मँचेस्टरहून
इथल्या 'को-ऑप' या ग्राहक सहकारी संस्थेनं २०१६मध्ये नवं चिन्ह शोधत बसण्याऐवजी स्वतःचंच १९६८चं, चार पाकळ्यांसारखं बोधचिन्ह परत आणलं. जुनं आहे म्हणून टाकू नका एवढंच म्हणते. पण माझ्या सासूबाई गावी अशाच भांडारातून डाळ आणतात, त्यांची तक्रार पाटीची नसतेच. पुडीवरच्या चिकटपट्टीवर वजन आणि तारीख मुंगीएवढी असते, दुकानातल्या पोराकडून वाचून घ्यावी लागते. पैसे तिथं घाला.

खजिनदार_तालुका
सगळ्यांचे आभार. पुड्यांचं पटलं. काल आमच्या स्टिकरवरचा भाव मलाच चष्म्याशिवाय दिसेना, आणि तो स्टिकर मंजूर केलेला मीच.

रविवारी शिडी लावून पाटी धुतली. सोड्याचं पाणी आणि नारळाची शेंडी, दोन तास. धूळ आणि कबुतरांची मेहरबानी निघाल्यावर दिसलं की हस्तांदोलनातल्या एका हातात बांगड्या आहेत, हिरव्या, चार. तीस वर्षं मी त्या पाटीखालून ये-जा करतोय. खाली उभ्या असलेल्या एक आजी म्हणाल्या, "होत्याच की! पहिल्या शंभर सभासदांत आम्ही बायका किती होतो, वही काढून बघ."

वही अजून सापडायचीय. पुतण्याला फोन केला: पान काढ, ट्रॉली काढ, हे दोन हात नीट रेखाटून दे, आणि ल मराठी. तो विचारतो, "काका, बांगड्या चारच ठेवू का?" चारच.