अनुभव धागा: मुंबईची लोकल, मेट्रो आणि तिकिटाच्या गोष्टी

माझी भाची लंडनहून आली होती. जन्म तिकडचाच, त्यामुळे लोकलमध्ये पहिल्यांदा बसली. ठाण्याहून दादरला आलो, पूल चढलो आणि फुलबाजाराच्या बाजूने खाली उतरलो. झेंडूचे ढीग दिसायला लागले तरी तिच्या हातात तिकीट तसंच धरलेलं. "मावशी, गेट कुठे राहिलं?" म्हटलं, गेट नाहीच. ती थांबून मागे पुलाकडे बघत राहिली. "मग सगळे तिकीट काढतात कशाला?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली. त्याला शंभर वर्षं झाली, रोज लाखो माणसं या स्टेशनांतून ये-जा करतात, आणि बहुतेकांच्या खिशात तिकीट नाहीतर पास असतो. मेट्रोत मात्र गेट उघडल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. भाचीच्या प्रश्नावरून हा धागा काढते आहे. तिकीट, पास, टीसी, मेट्रोचं गेट, इंडिकेटर, फलाटावरच्या खुणा, काहीही चालेल. कुठल्याच पाटीवर न लिहिलेलं असं तुमच्या स्टेशनाने तुम्हाला काय शिकवलं, ते लिहा.

सुरुवात मी करते. फलाटावरच्या खांबांवर तिरके पट्टे असतात. लाल-पिवळे असतील तिथे फर्स्ट क्लास येतो, हिरवे-पिवळे असतील तिथे लेडीज. अकरावीत असताना शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं, "पट्टा बघून उभी राहा गं, धावाधाव करावी लागणार नाही." त्या गेल्याला बरीच वर्षं झाली. मी अजून पट्टा बघूनच उभी राहते.

डोंबिवली

कुपनांची वही आठवते का कुणाला? तिकिटाच्या रांगेत अर्धा तास जायचा, त्यावर तो उपाय होता. वेगवेगळ्या किमतीची कुपनं, भाड्याइतकी बेरीज होईल एवढी फाडायची आणि स्टेशनातल्या लाल डब्याच्या फटीत एकेक सरकवायची. खर्र असा आवाज यायचा आणि कुपनावर स्टेशन, तारीख, वेळ उमटायची. शाई भरलेली असेल तर. गर्दीच्या वेळेला तीनपैकी एक यंत्र चालू असायचं आणि त्याचीही शाई संपत आलेली.

एकदा दादरच्या पुलावर टीसीने धरलं. कुपनं पंच केलेली होती, पण अक्षर म्हणून दिसत नव्हतं. मला घाम फुटला. बायको आणि मुलगा सोबत होते, आणि मुलगा माझ्याकडे बघत होता. टीसीने चष्मा कपाळावर चढवला, कुपन ट्यूबलाइटसमोर धरलं, तिरकं केलं, आणि छापाचा कागदावर जो दाब पडला होता त्यावरून तारीख वाचली. "आजचंच आहे. जा." बास, एवढंच बोलला. २०१५ च्या सुमारास ही कुपनं बंद झाली. पण खरं बोलणारा माणूस पोरासमोर खोटा ठरला नाही, ही त्या टीसीची कमाई मी विसरलो नाही.

घाटकोपर

मेट्रो वन जून २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिला महिना सरसकट १० रुपये तिकीट होतं. आईला वर्सोव्याला मामाकडे घेऊन गेले. गोल प्लास्टिकचं टोकन तिच्या हातात दिलं, गेटवर टेकवायला सांगितलं, झडप उघडली, ती आत गेली. येताना घाटकोपरला बाहेर पडायच्या वेळी बघते तर टोकन पदराच्या गाठीत. सुट्टे पैसे ती आयुष्यभर तिथेच बांधत आली होती. गाठ घट्ट बसलेली, मागे माणसं थांबलेली. मी नखांनी सोडवायला लागले तर माझीच बोटं थरथरायला लागली. गेटवरची सिक्युरिटीची मुलगी जवळ आली, मागच्यांना शेजारच्या गेटकडे वळवलं आणि म्हणाली, "आजी, सावकाश. गेट कुठे जात नाही."

गाठ सुटली. आईने टोकन पुन्हा नुसतं टेकवलं. मी म्हटलं, आता फटीत टाकायचं, परत नाही मिळत. तिला ते पटेना. "पैसे दिलेत ना आपण त्याचे?" रेल्वेचं जाड पुठ्ठ्याचं तिकीट असायचं तेव्हापासून तिने पहिल्या-पहिल्या प्रवासांची तिकिटं जपून ठेवली होती: लग्नानंतरचं पहिलं, माझ्या जन्माच्या वेळचं. मेट्रोचं मात्र यंत्राने गिळलं. पुढे क्यूआरची कागदी तिकिटं आली तेव्हा मी तिच्यासाठी एक मुद्दाम जपून ठेवलं. आता ते तिच्या पोथीत आहे.

दादर (पश्चिम)

दादरला वेस्टर्न आणि सेंट्रल अशा दोन रेल्वे. ९ डिसेंबर २०२३ पासून सेंट्रलचे फलाट ८ ते १४ झाले. त्याआधी वेस्टर्नलाही एक नंबर आणि सेंट्रलचाही एक नंबर. माझं दुकान स्टेशनला लागून आहे. "एक नंबर कुठे?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारायचो, "जायचंय कुठे?" आता नंबरच सांगतो. बाहेरगावच्या माणसांची धावपळ खरोखर कमी झाली. हे फार आधी व्हायला हवं होतं.

बदलापूर

मी साताऱ्याची, लग्न होऊन इथे आले. इंडिकेटरवर 'एस' म्हणजे स्लो आणि 'एफ' म्हणजे फास्ट एवढं नवऱ्याने सांगितलं होतं. पण गाडीच्या नावाच्या जागीही 'एस' दिसायचा, कधी 'एन' दिसायचा, ते काय ते सांगायचं राहिलं. एका संध्याकाळी 'एन' लागलेल्या फास्टमध्ये चढले. कल्याणपर्यंत सगळं ठीक. मग विठ्ठलवाडी यायच्या ऐवजी शहाड आलं. पोटात गोळाच आला. शेजारी टिटवाळ्याच्या एक ताई होत्या, त्या माझ्याबरोबर शहाडला उतरल्या, मला कल्याणच्या गाडीत बसवलं आणि मगच पुढच्या गाडीने गेल्या.

त्यांनीच समजावलं: कल्याणनंतर रूळ फुटतात. कसाऱ्याकडे जाणारा उत्तरेचा म्हणून 'एन', कर्जतकडे जाणारा दक्षिणेचा म्हणून 'एस'. नवी मुलगी आमच्या डब्यात दिसली की मी हे आधी सांगते.

कुर्ला ते मुलुंडच्या मध्ये कुठेतरी

आमची चाळ रुळांना अगदी लागून. मोबाइलवर तिकीट निघायला लागलं तेव्हा अट अशी होती की स्टेशनच्या आवारात किंवा रुळांजवळ असाल तर तिकीट निघणार नाही. म्हणजे टीसी दिसल्यावर कुणी घाईने काढू नये. अट योग्यच आहे. पण आमचं घरच त्या अंतरात! स्वयंपाकघरातून निघायचं नाही, गॅलरीतून निघायचं नाही. रोज वाण्याच्या दुकानापर्यंत चालत जाऊन तिकीट काढायचो आणि तीच वाट परत तुडवून स्टेशनला. पुढे स्टेशनात भिंतीवर क्यूआर लागले, तेव्हा सुटलो.

निवृत्त टीसी, मध्य मुंबई

वर कुपनाचं वाचलं आणि लिहावंसं वाटलं.

मूळ प्रश्न असा की गेट नसताना लोक तिकीट का काढतात. दंडाची भीती हे एक कारण, किमान २५० रुपये आणि वर भाडं. पण आम्ही पुलावर चार जण, आणि एका गाडीतून उतरणारी माणसं हजारांत. सगळ्यांना तपासणं शक्यच नसतं. आम्ही तिकिटं कमी बघायचो, माणसं जास्त. जिना जिथे अरुंद होतो तिथे उभं राहायचं. पासवाल्याचा हात तुम्ही काही म्हणायच्या आत खिशाकडे जातो. बाईमाणसाचा पर्सच्या बाहेरच्या कप्प्याकडे. ज्याच्याकडे तिकीट नाही तो चालता चालता पावलं लहान करतो आणि दुसऱ्याच्या पाठीमागे सरकतो. आम्ही त्याला 'डब्ल्यूटी', म्हणजे विदाउट तिकीट, म्हणायचो. चेहऱ्याच्या आधी पावलं कळतात.

सगळ्यात वाईट वाटायचं ते पास संपलेल्यांचं. बुडवायचा हेतू नसतो, महिना कधी उलटला ते कळतच नाही. कायद्याने मात्र तो विनातिकीटच. पावती फाडावी लागायची आणि मी ती फाडली, कुणाला सोडलं असं खोटं सांगणार नाही. एका मुलीचा पास आदल्या दिवशी संपला होता, हातात परीक्षेचं पॅड. तिने पैसे मोजून दिले, रडली नाही, पण घड्याळाकडे बघत होती. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. पास हातात आला की आधी शेवटची तारीख बघायची. दोन दिवस उरले असतील तर पास परत देताना सांगायचं, "परवा संपतोय हो." दिवसातून चाळीसेक वेळा तरी हे वाक्य बोललो असेन. काही जण थांबून बघायचे, काही नुसती मान हलवायचे.

ठाणे

हे बोलून टाइप करते आहे, चुका असतील तर सांभाळून घ्या. मला दिसत नाही. बँकेत नोकरी आहे, रोज ठाणे ते भायखळा.

पट्ट्यांचं वाचलं. आमच्यासाठी पट्टा म्हणजे आवाज. दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे फलाटावर वरून टीं-टीं-टीं असा आवाज येत राहतो. रोज तिथून जाणाऱ्या कित्येकांना तो कशाचा हे माहीत नसतं, एकाने तर मला विचारलं होतं की यंत्र बिघडलंय का. जिना उतरले की काठीने कडेची उंच रेघ शोधते आणि त्या आवाजाकडे चालत जाते. मोजलेली पावलं गर्दीत चुकतात, आवाज चुकत नाही.

मध्यंतरी एका स्टेशनवर, नाव लिहीत नाही, तो दोनेक आठवडे बंद होता. घोषणा चालू, भजनवाल्यांच्या टाळांचा आवाज चालू, आणि तेवढाच एक गायब. मी दोनदा लगेजच्या डब्यात चढले. तिथल्या मावशींनी माशांच्या टोपल्या सरकवून जागा करून दिली, पण गाडी थांबायच्या आधी मला कुठल्या बाजूला वळायचं तेच कळत नव्हतं. तक्रार केली, मग परत केली.

सोमवारी जिना उतरले आणि लांबून टीं-टीं ऐकू आलं. चालत त्याच्या खाली जाऊन उभी राहिले. गाडी आली, आमच्या डब्यातल्या मैत्रिणीने दारातून हाक मारली. तिला म्हटलं, तू पुढे हो, मी मागच्या गाडीने येते.